जुना एसी उतरवताना पाइप कापू देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात चार जुन्या वस्तू: २००९ चा दीड टनी विंडो एसी (चालतो, पण आवाज फार), २०१३ चा दीड टनी स्प्लिट (दोन उन्हाळे बंद), आईच्या वेळचा १९९८ चा फ्रिज (गॅस गेलाय, थंड होत नाही) आणि २५ लिटरचा गिझर. भंगारवाला चारही न्यायला तयार आहे, ‘पाइप कापून लगेच नेतो’ म्हणतो. द्यावं का, आणि नीट करायचं तर कसं?

द्यावं का, याकडे मी शेवटी येतो. मला खटकलं ते त्याचं ‘पाइप कापून’. २८ वर्षं मी एसी-फ्रिजची कामं करतोय. या काळात भिंतीवरून उतरताना जेवढे जुने एसी पाहिले, त्यातल्या बहुतेकांचा गॅस भंगाराच्या दुकानापर्यंत पोचलाच नाही. तो गिऱ्हाइकाच्या बाल्कनीतच गेला. फुस्स असा आवाज येतो, थोडं धुकं दिसतं, तेलाचा जरासा वास येतो, संपलं. आतून चहा येईपर्यंत काम उरकलेलं असतं. नंतर ते मशीन कितीही चांगल्या कारखान्यात पाठवा, त्यातली सगळ्यात घातक गोष्ट आधीच हवेत गेलेली असते.

किती घातक, तर हिशोब करून बघा. २०१३ च्या तुमच्या स्प्लिटमध्ये बहुधा आर-२२ गॅस असेल, साधारण किलोभर. नक्की काय आणि किती ते आउटडोअरच्या, म्हणजे बाहेर लावलेल्या पेटीच्या, कडेला असलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. आर-२२ ओझोनला तर खातोच, शिवाय उष्णता धरून ठेवण्यात एक किलो आर-२२ म्हणजे सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तो एक पाइप कापणं हे साधारण ७८० लिटर पेट्रोल जाळण्यासारखं. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीने पुणे-मुंबई ७५-८० वेळा जाण्याइतकं. आम्ही मेकॅनिक लोक रोज हे काम करतो तरी हा आकडा आमच्यातल्या फार थोड्यांच्या डोक्यात असतो. माझ्याही नव्हता. पहिली सात-आठ वर्षं मीसुद्धा खुशाल सोडून देत होतो.

आता चारही वस्तू एकेक करून.

विंडो एसी हा यातला सगळ्यात गरीब प्राणी. त्याची सगळी पाइपिंग कारखान्यातून सीलबंद येते, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल सगळं एकाच पेटीत. उतरवताना कुठलाही पाइप उघडावा लागत नाही. म्हणून कुणी विंडो एसीला कटर लावत असेल तर तिथल्या तिथे थांबवा, त्याला फक्त तांब्याची घाई आहे. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा ब्रेकर, पाडा (नुसता स्विच नाही), प्लग काढा, पुढची जाळी काढा, मागे थोडासा कल असल्याने आत साठलेलं पाणी आधी निघून जाऊ द्या, आणि दोन माणसांनी उचला. दीड टनी विंडोचं वजन ५०-६० किलो भरतं. खाली टेकवताना उभाच ठेवा, आडवा केला की कॉम्प्रेसरचं तेल पाइपांत जातं. चालू मशीन आहे, कुणी पुढे वापरेलही. पण माझं मत विचाराल तर १६-१७ वर्षांचा विंडो गावी किंवा वॉचमनच्या खोलीत पाठवू नका. आपण वीजबिल त्याच्या गळ्यात मारतो आणि वर दानाचं समाधान घेतो.

खरा विषय स्प्लिटचा.

चालू स्प्लिटमधला गॅस आउटडोअरमध्येच कोंडून मशीन उतरवता येतं. याला पंपडाऊन म्हणतात. हे काम कुठलाही बरा मेकॅनिक करू शकतो, त्याला वेगळं मशीन लागत नाही. आउटडोअरला दोन पाइप येतात, एक बारीक आणि एक जाड. दोन्हीच्या तोंडाशी वाल्व्ह असतो, पितळी टोपी काढली की आत ॲलन की बसते. जाड पाइपच्या वाल्व्हवर गेज (दाब दाखवणारा काटा) लावायचा, एसी कूलिंगला १६-१७ वर चालवायचा, आणि कॉम्प्रेसर नीट पकडला की बारीक पाइपचा वाल्व्ह बंद करायचा. आता गॅस आउटडोअरमध्ये जातो पण परत इनडोअरकडे येऊ शकत नाही. गेजचा काटा खाली यायला लागतो: साठ, चाळीस, वीस. काटा शून्याच्या जवळ येतोय असं दिसलं की जाड वाल्व्ह बंद करायचा आणि लगेच एसी बंद. एक-दोन मिनिटांचा खेळ आहे. टोप्या परत घट्ट बसवायच्या, मग फ्लेअर नट, म्हणजे पाइप जोडणारे पितळी नट, सोडायचे. नट सोडताना जेमतेम एक उसासा येतो, तेवढाच गॅस गेला.

इन्व्हर्टर मशीन असेल तर ते स्वतःच्या मर्जीने वेग कमी करतं, म्हणून त्याला सक्तीच्या कूलिंगवर टाकावं लागतं. त्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी, मेकॅनिकला माहीत हवी.

इथे एक धोका ठळक सांगतो, कारण नवशिकी पोरं इथेच चुकतात. काटा शून्याच्या खाली गेला तरी ‘अजून थोडा ओढू दे’ म्हणून कॉम्प्रेसर चालू ठेवतात, किंवा कॉम्प्रेसर चालू असतानाच नट सैल करतात. मग बाहेरची हवा आत ओढली जाते. कॉम्प्रेसरमध्ये तेल आहे, उष्णता आहे, दाब आहे, आता हवाही आली. डिझेल इंजिनात हवा दाबाने तापून इंधन पेटतं, तसंच तिथे तेल पेटू शकतं, आणि कॉम्प्रेसर बाँबसारखा फुटतो. आधीपासून गळती असलेल्या मशीनवर पंपडाऊन करत बसू नये तेही यासाठीच. नट कायम मशीन बंद झाल्यावरच सोडायचा.

तुमचा स्प्लिट दोन उन्हाळे बंद आहे. मग पंपडाऊन कसं करणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. इथे मी आधी विचारतो, बंद म्हणजे काय? पंखा फिरतो पण थंड करत नाही, आउटडोअर घुं घुं करून गप्प बसतं, असं असेल तर दहापैकी बऱ्याच वेळा कॉम्प्रेसर गेलेला नसतो, कपॅसिटर (वीज साठवून कॉम्प्रेसर सुरू करायला मदत करणारा डबा) गेलेला असतो. दीड टनाला ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा लागतो, काही शे रुपयांची वस्तू. गेल्या वर्षी कर्वेनगरात अगदी हेच झालं. काकू म्हणाल्या, “अरे, मेलेल्या मशीनला कशाला नवा भाग घालतोस?” मी म्हटलं, “नवा नाही काकू, माझ्या पिशवीतला जुनाच आहे, दहा मिनिटांसाठी उसना.” लावला, कॉम्प्रेसर घरघरला, पंपडाऊन केलं, कपॅसिटर काढून परत पिशवीत. गॅस आत राहिला, पैसे शून्य. तुमच्या मेकॅनिकला हे करायला सांगा, तो हसला तरी सांगा.

कपॅसिटरला हात लावण्याआधी मात्र तो डिस्चार्ज करायला, म्हणजे त्यात साठलेली वीज काढायला हवी, वीज तोडून झाल्यावरसुद्धा. पोरं स्क्रूड्रायव्हरने दोन टोकं जोडून ठिणगी पाडतात. मी होल्डरमध्ये जुना शंभर वॅटचा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी टेकवतो. बल्ब क्षणभर चमकला तर कळतं की त्यात माल होता.

कॉम्प्रेसर खरंच जळला असेल, किंवा वाइंडिंग अर्थ झालं असेल (आतल्या तारांची वीज बाहेरच्या पत्र्यात उतरत असेल), तर चालवायचा प्रयत्नही करायचा नाही. मग रिकव्हरी मशीन लागतं. हा एक छोटा पंप असतो, एसीतला गॅस ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा, कारण उन्हात द्रव फुगतो आणि जागाच नसेल तर सिलिंडर फुटतो. अडचण एवढीच की गल्लीतल्या दहा मेकॅनिकांत एकाकडेही हे मशीन असेलच असं नाही. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांकडे, मॉल-हॉस्पिटलची कंत्राटं घेणाऱ्यांकडे असतं. फोनवर सरळ विचारा, “रिकव्हरी मशीन आहे का?” समोरचा “तशी गरज नसते साहेब” म्हणाला तर फोन ठेवा. अगदीच कुणी मिळालं नाही तर निदान दोन्ही वाल्व्ह ॲलन कीने बंद करून मगच पाइप सोडा. आउटडोअरमध्ये असलेला गॅस तरी आत राहील, पाइप आणि इनडोअरमधला जाईल. पुरतं नाही, पण सगळा सोडण्यापेक्षा बरंच बरं.

हा काढलेला आर-२२ वाया जात नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून नवी मशीनं आर-२२ वर बनवायची नाहीत असं ठरलेलं आहे, पण लाखो जुनी मशीनं अजून भिंतींवर आहेत आणि त्यांना रिपेअरिंगला हाच गॅस लागतो. स्वच्छ काढलेला गॅस गाळून परत वापरता येतो. जळक्या कॉम्प्रेसरमधला मात्र आम्लाने खराब झालेला असतो, तो चांगल्यात मिसळायचा नाही.

पाइप न कापण्याची आणखी दोन कारणं, ही तुमच्या माझ्या कातड्याची. आर-२२ साध्या हवेच्या दाबाखाली उणे ४१ अंशाला उकळतो. मी हेल्पर असताना वाल्व्ह बंद न करता नट सोडला होता, द्रव डाव्या अंगठ्यावर आला. अंगठा पांढराफटक पडला, मग फोड, मग कातडी. ३० अंशाच्या दिवशी बंद मशीनमध्येही दीडशे पीएसआयच्या वर दाब असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. दुसरं कारण आगीचं. गॅस आत असताना कॉइलला गॅस-टॉर्च लावला तर ज्योत हिरवी होते आणि घसा धरणारा उग्र वास येतो. तो विषारी असतो, आम्लाच्या वाफा आणि थोडा फॉस्जीनसुद्धा. भंगाराच्या वखारीत तांबं सोडवताना पोरं हेच करतात, तोंडाला फडकंही न बांधता. अलीकडच्या आर-३२ आणि आर-२९० वाल्या मशीनमधला गॅस तर स्वतःच पेटतो, आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन.

गॅसचं झालं, आता आउटडोअर खाली उतरवणं. तिसरा मजला, बाहेरच्या बाजूला लोखंडी अँगल, बारा पावसाळे खाल्लेला. नट सोडण्याआधी मशीनला दोर बांधून तो घरातल्या भक्कम ग्रिलला किंवा खांबाला पक्का करायचा. कारण सडलेल्या अँगलवर मशीन फक्त सवयीने उभं असतं, एक बोल्ट सुटला की दुसरा स्वतःच येतो. माणसाला सेफ्टी बेल्ट. “मी रोज करतो, लागत नाही,” असं म्हणणाऱ्याला काम देऊ नका. तो पडला तर त्याच्या बायकापोरांना तुम्हीच तोंड देणार आहात. पावसात हे काम काढू नका. आणि पुण्यात आउटडोअर म्हटलं की पारव्याचं घरटं आलंच. ती वाळलेली विष्ठा झाडू मारून उडवली तर थेट फुप्फुसात जाते, दम्याच्या माणसाला तर फारच वाईट. आधी पाणी मारून ओली करा, मास्क लावा, मग खरवडा. अंडी असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबणारे गिऱ्हाईकही मी पाहिलेत, माझी हरकत नसते.

फ्रिज. याबद्दल सगळ्यांचा एकच समज असतो, गॅस तर गेलाच आहे, आता यात काय उरलंय. १९९८ चा म्हणजे मागची पट्टी बघा, बहुधा आर-१२ लिहिलेलं असेल, तोच तो ओझोनला भोक पाडणारा सीएफसी. २००३ पासून आपल्याकडे नवे फ्रिज त्यावर बनणं बंद झालं. पाइपातला शंभर-दीडशे ग्रॅम गॅस गेला असेलही. पण फ्रिजच्या भिंतीत जो पिवळट फोम असतो, तो त्या काळी सीएफसी-११ ने फुगवत. त्याच्या बारीक बारीक बुडबुड्यांत तो वायू अजून बसलेला असतो, आणि वजनाने तो पाइपातल्या गॅसपेक्षा जास्त भरतो. म्हणजे गॅस गेलेला फ्रिजसुद्धा भरलेलाच. कुऱ्हाडीने फोडला, फोम सोलून उकिरड्यावर टाकला, पेटवला, की तो सुटतो. पेटवल्यावर तर फोममधून सायनाइडचा वायूही निघतो. म्हणून जुना फ्रिज अख्खाच्या अख्खा जायला हवा. पत्रा काढून बाकीचं टाकून द्यायचं नाही.

आणि तो जाईपर्यंत जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर आजच दरवाजा काढून ठेवा. बिजागरीचे दोन-तीन स्क्रू असतात. लपाछपी खेळणारं पोर आत बसलं आणि दार लागलं तर ते आतून उघडत नाही, आवाजही बाहेर येत नाही. दरवाजा नुसता चिकटपट्टीने बंद करून भागत नाही, पोरं ती काढतात.

गिझरला गॅसबिस काही नाही, त्यामुळे थोडक्यात. एमसीबी पाडा, पाणी पुरतं निवू द्या, थंड पाण्याचा येणारा कॉक बंद करा, मग गरम नळ उघडून दाब सोडा. आणि खालचं कनेक्शन सोडून बादलीत रिकामा करा. भरलेल्या २५ लिटर गिझरमध्ये नुसत्या पाण्याचंच वजन २५ किलो असतं आणि आपले लोक तो तसाच उतरवायला जातात. बोअरच्या पाण्याचा असेल तर आत क्षाराचे खडे खुळखुळतील, ते नाल्यात नको, कुंडीत चालतील. भिंतीतून निघालेल्या वायरींची टोकं उघडी ठेवू नका. बाथरूम आहे ते. गॅसगिझर असता तर मात्र स्वतः हात लावू नका असं सांगितलं असतं. पाइपगॅस असेल तर तो गॅस कंपनीच्या माणसानेच तोडायचा.

आता भंगारवाला. मी त्याच्या विरुद्ध नाही. या शहरातलं लोखंड-तांबं-पुठ्ठा त्याच्यामुळेच परत वापरात येतं. पण तो तुम्हाला पैसे देतो ते कॉइलचं तांबं, कॉइलवरच्या पातळ पात्यांचं ॲल्युमिनियम आणि कॉम्प्रेसरमधलं तांबं-लोखंड यांचे. गॅस, तेल आणि फोम यांचा त्याला भाव नाही, म्हणून ते तो आधी काढून टाकतो. तेल गटारात, गॅस हवेत, फोम नदीकाठी. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, एसी-फ्रिज परत गोळा होऊन नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यात जाण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. म्हणून पहिला फोन कंपनीच्या कस्टमर केअरला करा आणि जुनं मशीन परत घेण्याबद्दल विचारा. अशा कारखान्यांची नावं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असतात. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई-दादांमार्फतही ई-कचरा देता येतो. कुणालाही द्या, तीन गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक काय, गॅस काढायची सोय आहे का, आणि मशीनचा सीरियल नंबर घातलेली पावती मिळेल का. भंगारवाल्यापेक्षा पैसे कमी मिळतील, हे आधीच सांगून ठेवतो.

नवा एसी घेताना एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर गाफील राहू नका. दुकानदार चांगला असला तरी उतरवायला येणारा पोरगा दिवसाला सहा घरं करतो, आणि त्याला नगावर पैसे मिळतात. कटर हा त्याचा वेळ वाचवतो. तो यायच्या आधीच फोनवर सांगा, पंपडाऊन करूनच काढायचा, आणि तो आला की बाल्कनीत उभे राहा. समोर माणूस उभा असला की ॲलन की आपोआप पिशवीतून निघते.

एक बारीकसारीक राहिलं, जुनी तांब्याची पाइप. नवा एसी आर-३२ वर असेल तर जुनी पाइप परत वापरू नका, तिच्यात आर-२२ चं जुनं तेल चिकटलेलं असतं आणि नव्या गॅसचा दाबही बराच जास्त. पण म्हणून ती मेकॅनिकची होत नाही. दहा-बारा फूट तांबं आहे, तुमच्या पैशाचं. “हे आम्ही घेऊन जातो, कचरा आहे,” असं कुणी म्हणालं तर हसून “राहू द्या” म्हणा. देणार असाल तर चहापाण्याला म्हणून स्वतः द्या. आणि पाइप काढल्यावर भिंतीत जे भोक उरतं ते त्याच दिवशी सिमेंटने बुजवून घ्या, नाहीतर जूनमध्ये पाणी आणि त्याआधी पारवे येतील.